कंडक्टरबाई आणि माझी गिरकी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकवत नाही, म्हणून कागदावरच उरकतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? माझा उजवा पाय अजून माझं ऐकत नाही. गाण्याचं मात्र ऐकतो, हे नव्यानेच कळलं.

झालं असं, की अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय फरफटायला लागला, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं आणि व्यायाम टाळायला मी रोज नवी सबब काढू लागलो. शेवटी सूनबाईने मला नाचाच्या वर्गात नेऊन बसवलं. हसू नकोस. अग्निशमन केंद्रामागच्या सभागृहात फिजिओथेरपीच्या मॅडम तो घेतात. कुणी काठीवाले, कुणी व्हीलचेअरवाले, कुणाचे हात थरथरतात. मॅडम स्पीकर लावतात आणि ठेक्यावर पाऊल टाकायला शिकवतात. माझ्या जोडीला आल्या कंडक्टरबाई. अपघातात कमरेखालचं बळ गेलेलं, पण भरलेल्या बसमध्ये कमावलेला आवाज शाबूत. एका हाताने चाक फिरवायच्या, दुसऱ्याने मला धरायच्या आणि मी अडलो की हुकूम सोडायच्या, "चला, पुढे सरका." आणि ताई, मी सरकायचो! (डॉक्टरांना जे जमलं नाही ते.) एकदा म्हणाल्या, "एरवी सगळे मला ढकलतात. इथे मी कुणाला तरी ओढते."

मग घरच्यांना वर्ग दाखवायचा दिवस आला. मी फक्त हात वर करायचा, असं ठरलेलं. पण सूनबाई मोबाइलवर टिपतेय हे दिसलं आणि मला चेव आला. मी गिरकी घेतली. तीही उजव्या पायावर! जाताजाता आधाराला बाईंची खुर्ची धरली आणि आम्ही दोघे खुर्चीसकट आडवे. फरशीवरूनच त्या म्हणाल्या, "घड्याळजी, स्टॉप यायच्या आधीच उतरलात." सगळे हसले, मीही हसलो. मग कळलं, त्यांचं मनगट मोडलंय.

त्यांचा मुलगा मला ओलांडून थेट मॅडमकडे गेला. मॅडमना एवढंच म्हणाला, "आईला आता घरीच बसू दे." बाई काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या पदर सारखा करत राहिल्या.

मनगट आता जुळलंय, डॉक्टरांनी परवानगीही दिलीय, पण मुलगा आणत नाही. मी माफी मागायला गेलो तर त्याने चहा दिला, अदबीने बोलला. (शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.) बाई टीव्हीसमोर होत्या, आवाज बंद, नुसती चित्रं हलत होती. वर्गात मी हल्ली एका प्लास्टिकच्या खुर्चीबरोबर नाचतो. ती चुका काढत नाही, आणि पाय पुन्हा अडायला लागलाय.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंचा मुलगा तुझा जुना विद्यार्थी निघाला, तू शिकवायचीस त्याच वर्गातला. आता बँकेत मोठा अधिकारी आहे, पण शाळेच्या गप्पांत तुझा विषय निघाला (नातं मी सांगितलं नाही) तेव्हा उठून उभा राहिला. तू त्याच्याशी बोल. आईला पाठव, असं नुसतं म्हणालीस तरी पुरे.

ता. ता. क. मी तुझा भाऊ आहे हे त्याला सांगू नकोस. आपली नाकं सारखीच आहेत, तेव्हा शक्यतो फोनवरच बोल.