आवाज बसल्यावर

प्रिय आई,

राजगुरुनगरहून तुझ्या संघमित्राचा जयभीम.

फोन उचलत नाही म्हणून घाबरू नकोस. शिकवून शिकवून आवाज बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी घातलीय. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणून हे पत्र. आवाज परत येईल म्हणतात. कधी, ते मी विचारलं नाही.

घरी करमेना, म्हणून काल कॉलेजात गेले. खडू घेऊन नुसतीच उभी राहिले. तेव्हा चाकणला रात्रपाळी करून आलेली स्वप्नाली उठली. "मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहा, मी बोलते."

तिनं अर्थशास्त्राचा अख्खा तास घेतला. मला भरून आलं, आणि बोलावंसंही फार वाटलं.

तुझे गुडघे कसे आहेत? आता रोज फोन कर, मी उचलेन. मी गप्प असले तरी ऐकत असेन. तू बोलत राहा.

तुझीच,
संघमित्रा