सूर्य आणि शेवटचा वाफा

पनवेल, रविवार, ४ मार्च १९५६

वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात आज वाचलं: सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंश, आणि त्याच्या बाहेरचं विरळ वातावरण दहा लाख! तीनदा वाचलं. दहा लाखच. खालून उसळणारे झोत आणि लाटा ती उष्णता वर नेत असाव्यात म्हणे. नक्की कुणालाच ठाऊक नाही. मग मी वीस वर्षं वर्गात काय शिकवलं? उगमापासून दूर जावं तसा प्रत्येक गोष्टीचा जोर ओसरतो!

परतताना मिठागरावर तिथे राबणारा ढाकू भेटला. राहवेना, त्याला सांगितलं. त्याला काहीच वाटलं नाही.

"त्यात काय मास्तर? खाडीचं पानी आमी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतो. खाडीपासून जितकं लांब, तितकं खारट. मीठ शेवटच्याच वाफ्यात धरतं."

शेवटचा वाफा... हे मी आधी कुठे ऐकलं होतं? घरी पाय धुताना आठवलं. ढाकूची मुलगी येसू, सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात होती. जोर ओसरण्याचा हाच नियम मी फळ्यावर लिहिला तेव्हा उभी राहिली होती. "नाय मास्तर, शेवटच्या वाफ्यात पानी जास्त खारट असतं." मी म्हणालो, "बसा, पंडितबाई!" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आज ढाकूच्या मागे मिठाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती येसूच. माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं. मी तिला ओळखलंसुद्धा नाही.