पौर्णिमेची भरती

हिर्डोशी, ता. भोर
१५ एप्रिल १९६८

चि. आनंदराव यास सोपानदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दर मेच्या सुट्टीत तू एकटाच वर येतोस, यंदा आम्हालाच समुद्र बघायला बोलावतोस. हरेश्वराचे दर्शन, प्रदक्षिणा, श्रीवर्धन, जमल्यास होडीतून जंजिरा, सगळे झकास आखले आहेस. मास्तर झालास, आता सुट्टीतही वेळापत्रक सुटत नाही! माझे भातरोपांचे राब भाजायचे राहिलेत, मी येत नाही. आईला रखमाजीमामा आणतील.

पण स्पष्ट लिहितो. तीन वर्षांपूर्वी तू न विचारता तिकडची मुलगी केलीस, तो आईचा राग तसूभर कमी नाही. देवाला जाईन, पण तिच्या उंबऱ्याला पाय न्हाई लावायची, असे म्हणते. दर्शन, प्रदक्षिणा, की संध्याकाळच्या एस.टी.ने माघारी. तिने वैशाखी पौर्णिमा धरली आहे. पहाटे वाडीतून रस्त्याला उतरायचे तर चांदणे हवेच.

सूनबाईस आशीर्वाद. माया आहे, ती उणी होऊ देऊ नये.

सोपान

*

हरिहरेश्वर
२४ एप्रिल १९६८

ती. सोपानदादांस शि. सा. न. वि. वि.

तिथी चुकली, दादा. आपण डोंगरातली माणसे चंद्राचा उजेड बघतो, इथली माणसे चंद्रावरून पाणी बघतात. पौर्णिमेला ऐन दुपारी भरती असते आणि प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या खडकांतून जाते. ती पाण्याखाली जाईल. ओहोटी लागेपर्यंत एस.टी. निघून गेलेली असेल. आईला अष्टमीला यायला सांगावे, तेव्हा दुपारी वाट मोकळी मिळते.

आईने जाईला अजून डोळ्यांनी पाहिलेलेही नाही, याचे मला फार वाईट वाटते. एकदा आई आमच्या घरात येऊन बसावी, दुसरे मागणे नाही.

वहिनींस नमस्कार. आहे तसाच जीव लावत राहावे.

आपला
आनंदराव

*

हिर्डोशी
२ मे १९६८

चि. आनंदराव यास आशीर्वाद.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले, पण पाण्याचा मजकूर तेवढा गाळला. तिची तिथी बदलायची माझी छाती नाही, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नाही. ती पौर्णिमेलाच येईल. पुढचे तुम्ही दोघे बघा.

मामांना तंबाखू मिळेल असे करावे, नाहीतर ते वाटेतूनच परततील. लोभ ठेवावा, पत्र लवकर टाकावे.

सोपान

*

हरिहरेश्वर
१७ मे १९६८

ती. दादांस जाईचा शि. सा. न. वि. वि.

हे मामांबरोबर चार पोफळीची रोपे आणायला श्रीवर्धनास गेले आहेत, म्हणून सासूबाई सांगतात ते मी लिहीत आहे. अधलेमधले माझे आहे.

पौर्णिमेला दुपारी त्या देवळात पोचल्या तेव्हा वाटेवर लाटा आपटत होत्या. गुरवाला म्हणाल्या, एवढं पानी कवा हटायचं? संध्याकाळी, असे त्याने सांगितले. त्या पायरीवर बसून राहिल्या. घरी चला म्हटले तर मान फिरवली. मी जेवण तिथेच नेले, ते मामांनी खाल्ले. उन्हे उतरल्यावर पाणी हटले, पण मामांना खडक बघून घाम फुटला. शेवटी प्रदक्षिणेला मीच बरोबर गेले. आम्ही परतलो तोवर एस.टी. गेलेली होती.

रात्री पडवीतच निजल्या. मला रडू आले, ते खोटे कशाला सांगू. सकाळी त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी करायला बसले. आमच्याकडे तांदळाची सवय, नाचणीची तव्यावर टाकतानाच तुटत होती. तीन मोडलेल्या त्यांनी पडवीतून पाहिल्या. चौथीला तडक आत आल्या, परात ओढली आणि पिठाला उकळते पाणी घालायचं कुनी शिकवलं न्हाई का म्हणून मला फैलावर घेतले. तेव्हापासून त्या चुलीजवळच आहेत.

सांगतात की मामा उद्या एकटे येतील. त्या स्वतः पाऊस लागायच्या आत येतील. तोवर राब कुणावर सोपवू नका, म्हणतात. वहिनींस नमस्कार, आमची आठवण ठेवावी.

कुणी लिहिलं ते खाली घाल म्हणाल्या. मी जाई लिहिले आणि वाचून दाखवले. त्यांना पटले नाही. नुसतं नाव कशापायी, कोनाची कोन ते नीट लिव्ह, म्हणाल्या, आणि काय लिहायचे तेही सांगितले. तसे लिहिते.

आपली
अंबूबाईची सून