काहील लवकर उतरली तर

अहो,

काल दस्तगीर येऊन गेला, म्हणून लिहितेय. गुऱ्हाळात तुमच्या रस आटवायच्या काहिलीखाली जाळ घालायचा, तो. नव्या हंगामाचा गूळ पुढ्यात ठेवला.

आधी माझं सांगते. वाचनालयातून तर्कशास्त्राचं पुस्तक आणलंय. गोष्टींची पुस्तकं नकोत; त्यांतली माणसं रडतात आणि मला काहीच होत नाही, म्हणून. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, परीक्षेला बसताय काय?" म्हटलं, "पास झाले तर पेढे देईन." "आन् नापास झालासा तर?" "त्याबद्दल मी कुठं काय बोलले?"

'चहा किंवा ताक मिळेल' म्हटलं की तुम्ही दोन्ही मागायचात. पुस्तकात 'किंवा'ला दोन्ही चालतात! उगाच भांडत होते मी.

मग 'जर-तर' आलं, आणि मी तिथंच थांबले.

त्या दिवशी निघताना तुम्ही म्हणालात, "काहील लवकर उतरली तर जेवायला घरीच." दुपारी फोन आला, तिकडं गुऱ्हाळाकडंच तुमचा जीव गेला. तुमच्या बहिणीनं, वन्संनी, सगळ्यांपुढं हंबरडा फोडला, "येतो म्हणाला आन् फसवलं गं तुला!" तुम्ही कधी शब्द मोडला होतात का हो?

पुस्तक म्हणतं, असं वाक्य फक्त एकाच बाबतीत खोटं पडतं: 'जर' घडलं आणि 'तर' घडलं नाही. काहील उशिरा उतरली असेल, तर तुम्ही खोटे नाही. मी तेच धरून बसले होते. काल दस्तगीरला विचारलं, काहील उशिरा उतरली होती ना?

"न्हाय वैनी. त्या दिवशी लवकर उतरली की."

मी गुळाकडं बघत राहिले. काही वाटलं नाही.

"हात धुतलं, टावेल खांद्यावर टाकला. 'घरात वाट बघत्यात' म्हणालं आन् निघालं. बांधावर टेकलं, ते उठलंच न्हाईत."

तो गेल्यावर पेन्सिल घेऊन तक्ता मांडला. काहील लवकर उतरली: खरं. घरी जेवायला आले: खोटं. म्हणजे वाक्य खोटं. पण 'निघाले होते' याला रकानाच नाही! एवढ्या हुशार माणसांना तो सुचला नाही?

पुस्तक पुरं करीन. आणि वन्संनी पुन्हा 'फसवलं' म्हटलं, तर सांगेन की ते निघाले होते. नाही म्हटलं, तरी सांगेन.

तुमची,
शालन