व्याह्यांबरोबर पोकर

६ जानेवारी, मंगळवार

बावड्याहून, केतकीकडून, घरी यायला साडेसहा झाले. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, रिक्षा जागची हलेना.

केतकीच्या सासऱ्यांचा, आण्णांचा, पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये. जयसिंगपूरच्या दुकानात माळ्यावर चढले आणि शिडीसकट खाली आले. अजून दीड महिना लेका-सुनेकडे मुक्काम. दिवसभर के. आणि जावई अमित कामावर. विहीणबाई, म्हणजे आक्का, टीव्हीसमोर. आण्णा टीव्हीला शिव्या घालतात आणि आक्का आण्णांना. के. म्हणाली, "आई, दुपारची येत जा ना. संध्याकाळी मला दोघांची भांडणं सोडवावी लागतात."

गेले. आण्णांनी उशीखालून पत्त्यांचा कॅट काढला. "ईनबाई, पत्ते येतात का?"

"बदाम सात येतं."

"त्ये पोरांचं. ह्यो पोकर हाय."

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर बोटीवरून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी आठ दिवसांत शिकवला. आता शिष्य तयार, पण समोर बसायला कुणी नाही. बसले. नाही कसं म्हणणार?

७ जानेवारी

शब्द डोक्यात राहत नाहीत, म्हणून लिहून ठेवते. प्रत्येकाला दोन पानं, पालथी, आपली आपण बघायची. मधे पाच पानं, दोघांची सामाईक. अशा सात पानांतून ज्याची पाच सरस, त्याचा डाव. मधली पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन, तो फ्लॉप. मग एक, टर्न. मग शेवटचं, रिव्हर. प्रत्येक वेळी बोली.

पानं बघायच्या आधीच दोघांनी मधे काहीतरी ठेवायचं, ते ब्लाइंड. एकाचं लहान, दुसऱ्याचं त्याच्या दुप्पट. मधे साठत जातो तो पॉट.

पैसे नाहीत, हे मी आधीच सांगितलं. "मग काय ठेवायचं, शेंगा?" काल शेंगा ठेवून पाहिल्या. आक्का येता-जाता पॉट खातात. शेवटी घरून बटणांचा डबा नेला. शर्टाचं पांढरं एक, कोटाचं पाच, के.च्या लहानपणच्या फ्रॉकचं लाल दहा. ह्यांच्या सफारीची चार तपकिरी बटणं मात्र आधीच काढून कपाटात ठेवली. ती कुणी जिंकायला नकोत.

९ जानेवारी

आज बोलीचे शब्द. चेक म्हणजे मी काही वाढवत नाही, तुमचं बोला. तोंडाने म्हटलं नाही तरी चालतं, टेबलावर बोटं आपटायची. कॉल, समोरच्याएवढं ठेवणं. रेज, त्याहून जास्त. फोल्ड, पानं टाकून देणं, पालथीच. टाकलेल्या पानांचा ढीग तो मक. त्यातलं पान उलटून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

मी फोल्ड फार करते म्हणे. "लाजाळूच्या झाडागत मिटताय की ओ!"

मला हसू आलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरना माझ्या मोज्यात बदाम राणी सापडली होती. तासभर उन्हात उभं केलं. आज बघितलं असतं तर?

१० जानेवारी, शनिवार

के. सोडायला रिक्षापर्यंत आली. तेव्हाच वाटलं, काहीतरी आहे.

तिच्या डेअरीचा गुजरातेत नवा प्लांट होतो आहे. दहा महिन्यांसाठी तिला बोलावलंय, प्रयोगशाळा उभी करायला. तीस जणांतून एक. जावयांची काही हरकत नाही. दोन फेब्रुवारीपर्यंत हो की नाही कळवायचं. राहिलं काय, तर आण्णा. त्यांच्याशिवाय त्या घरात कशालाच हो होत नाही.

"तू विचार ना, आई. तुझ्याशी रोज खेळतात, खुशीत असतात."

विचारीन म्हटलं. तिने रस्त्यातच मिठी मारली. दुधाचा वास येतो आता तिला, कायमचा.

१२ जानेवारी

कोणतं मोठं ते पाठ करते आहे, पाढ्यांसारखं. जोडी. दोन जोड्या. तीन सारखी. ओळीनं पाच, स्ट्रेट. सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी एका रंगाची पाच, फ्लश. तीन सारखी अधिक एक जोडी, फुल हाऊस. मग चार सारखी. सगळ्यांत वर एका रंगाची ओळीनं पाच, जी आण्णांनीही अजून पाहिलेली नाही. दोघांची जोडी सारखीच निघाली तर बाजूचं मोठं पान ज्याचं, तो जिंकला. त्या पानाला किकर.

के.चं विचारायचं राहिलं. आण्णांचा पाय आज खाजत होता. विणायची सुई घालून खाजवत होते. वेळ बरी नव्हती.

१३ जानेवारी

ब्लफ: हातात काही नसताना असल्यासारखी बोली वाढवणं. आण्णांना अजिबात जमत नाही. ब्लफ करताना आवाज इतका चढतो की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकतं. आक्का आतून ओरडल्या, "न्हाय काय त्यांच्या हातात! चाळीस वर्सं ऐकतीया मी ह्यो आवाज!"

"तू गप! ह्येला टेल म्हणत्यात. सांगायचं नसतंय दुसऱ्याचं!"

टेल म्हणजे मनातलं बाहेर सांगणारी खूण. माझीही आहे. "पान चांगलं आलं की तुमी पदर सारखा करताय." सिस्टर म्हणायच्या, तुझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. बावन्न वर्षं झाली, खिडकी काही मिटली नाही.

स्लो प्ले: हात भारी असताना गरीब चेहरा करून समोरच्याला वाढवू देणं. हे मात्र मला न शिकवता येतं. संसार केला आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन गेले. सगळे गोड मूडमध्ये. आज नक्की विचारायचं ठरवून गेले होते. आण्णांनी तिळाची वडी तोंडात टाकली, "झकास!" म्हणाले, आणि मी म्हटलं, "आण्णा..." त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "वाटा पानं."

आणि एक गोष्ट. इथे तरी खरं लिहावं. दोन एक्के आले होते. याहून चांगली दोन पानं नसतात. आण्णांनी लाल बटण टाकलं आणि मी फोल्ड केलं.

हे आजचंच नाही. पहिल्या दिवसापासून करते आहे. मोठा हात आला की टाकते, किरकोळ डाव तेवढे जिंकते. मुलाच्या वडिलांना त्यांच्याच घरात हरवायचं? ते जिंकले की चहा दोनदा होतो, आवाज खाली येतो, के.ची संध्याकाळ बरी जाते. आपण मुलीकडचे.

१९ जानेवारी, सोमवार

फजिती. हसावं की रडावं कळत नाही.

मला दोन राण्या. फ्लॉपला राणी, सत्ती, सत्ती. म्हणजे हातात तयार फुल हाऊस. आण्णांनी जोरात रेज केलं. मी टाकली पानं, नेहमीसारखी. पिसायला गोळा करताना त्यांच्या हातून ती सांडली. उताणी.

दोन राण्या. त्यांनी त्या बघितल्या. मधला फ्लॉप बघितला. मला बघितलं.

"ह्ये टाकलं तुमी?"

मी पदर सारखा केला.

"फुल हाऊस टाकलं? माझ्याकडं नुसती सत्ती हाय! तीन सत्त्या! मी हरलोतो की!" आक्का शेंगा पाखडायचं सूप घेऊन धावत आल्या. "काय झालं ओ? पाय?"

"पाय न्हाय! ईनबाई मला खेळवायल्यात! बारक्या पोराला खेळवत्यात तसं!" मग एकदम हळू. हळू आवाज मी त्यांचा पहिल्यांदा ऐकला. "त्या बोटीवाल्यानं सांगिटलंतं. ओळखीच्याला सोडून खेळायचं, ह्येला सॉफ्ट प्ले म्हणत्यात. फसवणूकच हाय ती. मी रोज रात्री खुशीत झोपतोय, आज कितीनं जिंकलो म्हणून."

मी म्हटलं, "आण्णा, आम्ही मुलीकडचे..."

"लगीन होऊन चार वर्सं झाली. अजून मुलीकडचेच?"

त्यांनी कॅट उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. प्लॅस्टरच्या पायाला तसं वळता येत नाही, अर्धेच वळले.

२० जानेवारी

गेले नाही.

के.चा फोन. "आई, काय केलंस? आण्णा नुसतं दूध पिऊन झोपले." सांगितलं सगळं. ती आधी खूप हसली. मग थांबली. "म्हणजे माझंही विचारलं नाहीस अजून. हो ना?"

म्हटलं, "संक्रांतीला तोंडाशी आलं होतं."

"मीच मूर्ख," म्हणाली आणि ठेवला फोन.

लग्नात हे पंगतीमागे हात जोडून उभे होते, सगळ्या वऱ्हाडाचं जेवण होईपर्यंत. मग आम्ही दोघं गार पुऱ्या खात बसलो. हे म्हणाले, "झालं बुवा एकदाचं, आता मोकळे." मोकळे कुठे? मी आजही त्या घरात बस म्हटल्याशिवाय बसत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी आक्कांचा फोन. "अहो, या की बाई! ह्यांनी मला शिकवाय घेतलंय. फ्लॉप म्हणत्यात, चॉप म्हणत्यात, माझं डोकं फुटायची पाळी आलीया. मी राजा दिसला की ठेवती, न्हाय दिसला की टाकती. शिव्या खाल्ल्या नुसत्या. तुमी आला न्हाईसा तर मी जयसिंगपूरला निघाली बगा."

गेले. आण्णा पेपरातून बाहेर आले नाहीत. मी न सांगता खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, "वाटा."

"खरं खेळणार?"

"खरं."

"आईच्यान?"

"कॉन्व्हेंटची मुलगी शपथ घेत नाही. वाटा."

माझी अठ्ठी-नव्वी. फ्लॉपला दश्शी, गुलाम, दुर्री. टर्नला सत्ती. सातपासून गुलामापर्यंत ओळ तयार, स्ट्रेट. आण्णांनी होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं. ऑल-इन. आता मागे हटायला जागा नाही. माझं मन नेहमीच्या सवयीने पानं टाकायला निघालंच होतं. मग म्हटलं, "कॉल."

त्यांचे दोन एक्के. रिव्हरला दुसरी दुर्री. त्यांच्या दोन जोड्या, माझी स्ट्रेट. सगळी बटणं माझ्याकडे, फ्रॉकची लाल धरून.

आण्णांनी पानं बघितली, पुन्हा बघितली. मी जीव मुठीत धरून बसलेली.

"आयला!" म्हणाले. "आक्के! चहा टाक! ईनबाईंनी मला धुतला!"

एवढं खूश मी त्यांना के.च्या लग्नातही पाहिलं नव्हतं. चहा तीनदा झाला.

२७ जानेवारी, मंगळवार

विचारलं. पत्ते पिसायच्या आधी, हात मोकळे असताना.

"आण्णा, केतकीला दहा महिने गुजरातेत बोलावलंय. मोठं काम आहे. तिची जायची इच्छा आहे." एवढंच म्हणायचं घरून ठरवून आले होते. तरी पुढे बोलले, "आणि मला वाटतं तिनं जावं."

बाहेरून ट्रॉलीवाल्यांची गाणी, एकात एक मिसळलेली.

"तुमाला कधी कळलं?"

"दहा तारखेला."

"आन् मला आज." कॅट नुसता हातात धरून होते. "रोज रातच्याला एका टेबलाला जेवतो की आमी. मीठ दे म्हणती, भाकरी घ्या म्हणती. ह्ये तेवढं न्हाय बोलली."

"भीती वाटते तिला."

"माझी?" खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. आक्का आतून, "न्हाय, माझी!"

आण्णा हसले नाहीत. "तुमी सांगू नका, ईनबाई. मी तुमास्नी हो म्हणणार न्हाय आन् न्हायबी म्हणणार न्हाय. शनिवारी तिला सुट्टी असती. तिला बसवा हितं माझ्यासमोर. तिचं तिनं बोलू दे."

डाव झाला नाही. घरी येताना शनिवारची काळजी, पण हलकंही वाटत होतं.

३१ जानेवारी, शनिवार

के. बसली. आण्णांनी तिघांना पानं वाटली. तिला माझ्या डाव्या हाताला बसवलं, मधे एवढं टेबल, समोर सासरे. के. म्हणाली, मला येत नाही. आण्णा म्हणाले, "न्हाय आलं तर विचारायचं. आमी हाय की."

पहिल्याच डावात तिने विचारलं, पण पोकरचं नाही. एका दमात सगळं सांगितलं. प्लांट, दहा महिने, परवापर्यंत कळवायचं.

आण्णा ऐकत होते. मग सुरू झाले. "ऱ्हायची सोय?" कंपनीचं क्वार्टर. "सणाला?" येईन. "आन् अमितचं जेवण?" आक्का टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याला हात न्हाईत व्हय? तुमास्नी कुणी शिकवलं न्हाय ते न्हाय, त्याला तरी शिकू द्या." के. फिस्सकन हसली. मीही. आण्णांनी दोघींकडे डोळे वटारले, पण मिशीखाली काहीतरी हललं.

मग पानं खाली ठेवली. "दहा म्हयन्याचं दोन वर्सं झालं तर? तितंच ऱ्हावा म्हणाले तर? तवा काय करणार?"

हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. स्वतःलाही नाही.

के.ने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी कुणी पाहुण्याने नाव विचारलं की अशीच बघायची आणि मीच सांगून टाकायची, केतकी नाव हो हिचं, दुसरीत आहे. जिभेवर उत्तर आलंसुद्धा. दोन-तीन उत्तरं, सगळी गोड.

मी माझी दोन पानं उचलून बघत बसले. नव्वी आणि चव्वी. इतका वेळ बघावं असं त्यांत काही नव्हतं.

आक्कांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आण्णा," के. म्हणाली, "खरं सांगू?"

"मग काय खोटं सांगायला बसलीयास?"

तिने खुर्ची पुढे ओढली.