कटर मशीनच्या मागची जागा

१२ नोव्हें., बुध.
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
सकाळी गाळ्यात कटर मशीनवर चौरंगाच्या फळ्या उभ्या चिरत होतो. मी पुढून ढकलतोय, सुमन मागे. नेहमीचंच. फळी पात्याच्या पलीकडे गेली की ती कापात पाचर मारते, म्हणजे लाकूड मिटत नाही. आज पाचर मारायच्या आत लाकूड मिटलं. पात्याच्या मागच्या दात्यांनी फळी उचलली आणि उलटी माझ्याकडे फेकली. नेमकी शिंक आली म्हणून मी बाजूला वळलेलो. फळी गेली ती सरळ पाण्याच्या पिंपात. पिंप फुटलं. गाळाभर पाणी.
मी ओरडलो, "पाचर कुठे होती तुझी?"
तिने जमिनीवरची पाचर उचलली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून घरी गेली. लग्न करून मुलुंडात आल्यापासून कधी अशी गेली नाही.

१३ नोव्हें.
आली नाही. भाजी-भाकरी डब्यात भरून दिली, पण आली नाही. "कधी येणार?" तर म्हणे, "बघू."
मार्गशीर्ष तोंडावर आलाय. दुकानवाला चौरंग मागतोय. एकट्याने लांब फळी चिरता येत नाही.
बोरीवलीहून मुलीचा फोन. आईने सगळं सांगितलेलं दिसतंय. "बाबा, पात्याच्या मागे एक पातळ पत्रा उभा बसवतात, स्प्लिटर म्हणतात त्याला. तुमच्या जुन्या मशीनला नाहीये. व्हिडिओ पाठवलाय."
म्हटलं, इतकी वर्षं पत्र्याशिवाय चाललं ना?
"बाबा, काल फळी कुठे लागली असती?"
फोन ठेवला. व्हिडिओ बघितला. दोनदा.

१५ नोव्हें., शनि.
व्हिडिओत तो माणूस नुसता बोलतच बसतो. अर्धा सोडून कामाला लागलो. टेबलात पात्याभोवती बसवलेली पट्टी काढून लाकडाची नवी केली. पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत खाच पाडली. शेजारचा ग्रिलवाला अन्वर, त्याच्याकडून पत्रा कापून आणला. जाड सांगितला. पाचरीसारखा घट्ट बसला पाहिजे, काप उघडा ठेवायचा ना.
अन्वर म्हणतो, "चाचा, ये मोटा है."
म्हटलं, तू तुझ्या ग्रिली कर.
फळी लावली. अर्धी गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मोटर घुमायला लागली, जळका वास. बटण बंद केलं.
अन्वर दारातच उभा. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१६ नोव्हें.
व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. शेवटीच तर सांगतो मेला. पत्र्याने काप फाकवायचा नसतो, नुसता मिटू द्यायचा नाही. म्हणून पत्रा कापापेक्षा थोडा पातळ पाहिजे. मी पाचरच करत बसलो होतो.
अन्वरने पातळ कापून दिला, कडा घासून दिल्या. प्लग काढून बसवला. दात्यांपासून बोटभर मागे. सरळ पट्टी टेकवून रेषा बघितली. एका बाजूला केसभर बाहेर. काढला, परत बसवला.
बारकी फळी लावली. गेली. आवाजच वेगळा. धक्का नाही, ओढ नाही. तुकडा हातात घेऊन उभाच राहिलो. इतकी वर्षं मी लाकडाशी कुस्ती खेळत होतो की काय.

१८ नोव्हें., मंगळ.
सुमन आली. बोलावलं नव्हतं. लांब फळीला मागे धरायला माणूस लागतोच, हे तिला माहीत.
पत्रा बघितला, बोटाने हलवून बघितला. म्हणाली, "झालं तुमचं?"
म्हटलं, झालं. आता पाचर नको. ये, उभी रहा मागे.
"आधी तुम्ही जा मागे."
"मी कशाला?"
"जा तर. मशीन बंदच ठेवा."
गेलो. ती पुढे आली, पदर खोचला, मी उभा राहतो तशी उभी राहिली. दोन्ही हात फळीवर, वाकून. मागून बघतोय तर पातं आणि तिचं पोट एका रेषेत. मधे काही नाही.
मी म्हटलं, "बाजूला सरक."
"तुम्ही कधी सरकलात?"
मी फळीचं मागचं टोक धरलं.
मग म्हणते, "आता समजा मी अडकले. बंद करा मशीन."
हात पुढे केला. बटण तिच्या बाजूला, टेबलाखाली. मागून हात पोचत नाही. वळसा घालून जावं लागतं, मधे फळ्यांची थप्पी. ही मशीन मीच लावलीय, बटण मीच बसवलंय. मागच्या माणसाला ते बंद करता येत नाही, हे मला आज कळलं.
"त्या दिवशी फळी उडाली तेव्हा मी पाचर टाकून बटणाकडे धावत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही पाचर विचारता."
तिथेच थप्पीवर बसलो.

१९ नोव्हें.
थप्पी हलवली. आता उभं राहतो तेही जरा डावीकडे, पात्याच्या रेषेत नाही. अवघडल्यासारखं वाटतं, हात चुकतो.
वायरमनला मागच्या बाजूला दुसरं बटण लावायला सांगितलं. उद्या येतो म्हणाला, त्याचं उद्या कधी उजाडतं बघू.
जेवताना सुमनला सांगितलं, बटण लावतोय मागे, येशील ना?
तिने भात वाढला. आमटी वाढली. म्हणाली, "लागू दे आधी. मग मी दाबून बघीन, तुम्ही पुढे उभे असताना."