मशिदीत अर्धे राहिलेले गाऱ्हाणे

रवि., १२ जाने.
दीपू पोरा, तीन दिवस वहीला हात लावला नाही, माफ कर. सुट्टीला आलास की तू आधी हीच वाचतोस, म्हणून उशिराची कबुली. गावच्या सहलीच्या बसने सौ.बरोबर विजापूरला जाऊन आलो. पाच तारखेपासून तुझा बोटीवरून फोन नाही. घरात जीव राहीना.

मोठी जामा मशीद बघितली. ड्रायव्हरने वीस मिनिटे दिली. सौ. बाहेर चपलांपाशी बसली. आत कमानीमागे कमानी, दगडी फरशीने पाय गार पडले. जमिनीवर नमाजासाठी एकेका माणसाची जागा आखलेली. एवढ्या थोर ठिकाणी येऊन गप्प कसे जायचे? एका कडेला हात जोडून, आपल्या देवळात देवापुढे मागणे मांडतात तसे गाऱ्हाणे सुरू केले. नाव कोणाचे घ्यावे कळेना. "ह्या जाग्याच्या धन्या महाराजा, पार्श्या गावचो माणूस तुझ्या दारात इलो. झील माझो बोटीवर कामाक, पाण्यावर आसा..."

हॉर्न. धावलो. परतताना चोर्ला घाटात ध्यानात आले, मागणे राहिलेच. "त्याला सुखरूप आण" हे बोललोच नाही.

सोम., १३
सौ.ला सांगितले. म्हणते, "नुसता पाण्यावर आसा इतक्याच सांगलात? मगे तो म्हणतलो, बरां, रवांदे थंयच!" राहू दे तिथेच, म्हणे! हसली आणि लगेच तोंड फिरवून आत गेली.
जेवण गेले नाही.

बुध., १५
बाबल गावकराकडे गेलो. देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्याचा. म्हटले, उरलेले इथे घाल.
"तात्या, अर्धो अर्ज एका हापिसात नि अर्धो दुसऱ्यात? जंय मांडलास, थंय पुरो कर."
चेष्टा की खरे, कळले नाही. दोनदा विचारले, दोनदा तेच.

शुक्र., १७
म्हापशाला, तुला बोटीवर लावणाऱ्या एजंटाकडे. "काका, बोट रेंजमध्ये नाही. कोणाचाच फोन येत नाही." कोणाचाच नाही, हे ऐकून बरे वाटायचे की...
सौ.ने पिशवी भरली. सोमवारी परत विजापूर. "मी आत येतलंय. तुमी एकटे गेलात तर परत अर्ध्यातच धावतलात." एकदा वाटते वेडेपणा. एकदा वाटते सोमवारपर्यंत तरी कशाला थांबायचे.
तू हे वाचशील तेव्हा घरातच असशील, म्हणजे इथे लिहून उपयोग नाही. तरी लिहितो. लवकर फोन कर रे बाबा. नुसता आवाज ऐकव.